लाकडाच्या लेथसाठी कमी खर्चात चक निवडताना : मोजमापापासून पहिल्या चाचणीपर्यंत

लाकडाच्या लेथवर हौशीने कातकाम करणाऱ्यांची संख्या ठाण्यात आणि नवी मुंबईत वाढते आहे. वाशीच्या गॅलरीत, घोडबंदर रस्त्यावरच्या गाळ्यात किंवा ऐरोलीतल्या बैठ्या घराच्या मागच्या खोलीत एखादा छोटा लेथ बसतो आणि लगेच चकची, म्हणजे लाकूड धरून फिरवणाऱ्या पकडीची, चौकशी सुरू होते. खरेदीचा क्रम मात्र बहुतेक वेळा उलटा होतो. आधी किंमत पाहिली जाते, मग चित्र, आणि वस्तू घरी आल्यावर कळते की ती स्पिंडलवर चढतच नाही. त्यानंतर अ‍ॅडॉप्टर, जॉबवर्क आणि परतीचा वाहतूक खर्च यांत वाचवलेले पैसे निघून जातात. त्यामुळे पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिल्या दोन टप्प्यांत एक रुपयाही खर्च होत नाही, तरी खरेदी फसते किंवा जमते ती तिथेच.

टप्पा 1 : स्पिंडलचे मोजमाप

चक ज्यावर चढतो तो हेडस्टॉकमधून, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या बाजूच्या डोक्यातून, बाहेर आलेला आटे असलेला दांडा म्हणजे स्पिंडल. त्याची चार मापे कागदावर लिहिल्याशिवाय कोणत्याही दुकानात जाऊ नये किंवा मोबाइलवर काही मागवू नये.

पहिले माप आट्यांच्या बाहेरील व्यासाचे. ते व्हर्नियरने घ्यावे, फुटपट्टीने नव्हे. दुसरे माप पिचचे, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधील अंतराचे. पिच गेज नसेल तर सलग पाच पिचचे अंतर व्हर्नियरने मोजून पाचाने भागावे. एका इंचात 8 आटे असतील तर पाच पिचचे अंतर सुमारे 15.9 मि.मी. येते आणि 3.5 मि.मी. पिच असेल तर 17.5 मि.मी. हा फरक डोळ्यांनीही लक्षात येतो. तिसरे माप आट्यांच्या टोकापासून मागच्या खांद्यापर्यंतच्या, म्हणजे चक ज्याला टेकतो त्या जाड सपाट कडेपर्यंतच्या, लांबीचे. चौथे माप आट्यांच्या आणि खांद्याच्या मध्ये असलेल्या गुळगुळीत भागाचे, त्याचा व्यास आणि रुंदी. हे चौथे माप हमखास विसरले जाते.

छोट्या आयात लेथवर सर्वसाधारणपणे 1 इंच व्यास आणि 8 टीपीआय (इंचाला 8 आटे) हे माप आढळते. युरोपीय बनावटीच्या किंवा त्या धर्तीच्या लेथवर एम 33 म्हणजे 33 मि.मी. व्यास आणि 3.5 मि.मी. पिच, तर जुन्या ब्रिटिश धर्तीच्या लहान लेथवर 3/4 इंच आणि 16 टीपीआय दिसते. मोठ्या लेथवर सव्वा इंच व्यास आणि 8 टीपीआय असू शकते. सव्वा इंच म्हणजे 31.75 मि.मी., आणि ते 33 मि.मी.च्या इतके जवळ आहे की अंदाजाने पाहणारा चुकतोच. वापरून झिजलेल्या स्पिंडलचा व्यास नाममात्र मापापेक्षा थोडा कमी भरतो, त्यामुळे 25.4 ऐवजी 25.2 मि.मी. आल्यास घाबरण्याचे कारण नाही, 24.5 आल्यास मात्र ते माप 1 इंचाचे नाही.

स्थानिक कारखान्यात बनलेल्या लेथच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. 1 इंच बीएसडब्ल्यू (जुन्या ब्रिटिश मानकाचे) आटेही इंचाला 8 च असतात, पण त्यांचा कोन 55 अंशांचा असतो, तर आयात चकमधील आट्यांचा कोन 60 अंशांचा. असा चक दोन-तीन फेरे सहज फिरतो, मग अडतो, किंवा जबरदस्तीने चढवल्यावर ढिला आणि तिरका बसतो. चढला म्हणून जुळला असे समजू नये. पिच गेजवर कोनाचा अंक कोरलेला असतो. तो वाचून आणि गेज आट्यात उजेडासमोर धरून खात्री करावी.

> तपासणी : लेथबरोबर आलेली फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवण्याची भोकांची सपाट तबकडी) स्पिंडलवर हाताने खांद्यापर्यंत चढते का, ते पाहावे. चढत असेल तर ती जपून ठेवावी. पुढे जॉबवर्क करावे लागल्यास तीच मापाचा आधार ठरते.

ज्यांच्या लेथला बाहेरून आटेच नाहीत, फक्त आत मोर्स टेपर म्हणजे निमुळते भोक आहे, त्यांनी येथेच थांबून विचार करावा. टेपरवर बसणारा चक मागून ड्रॉबारने, म्हणजे स्पिंडलमधून आरपार जाणाऱ्या आट्यांच्या सळईने, ओढून धरलेला असेल तरच वापरण्याजोगा असतो, आणि तोही लहान व्यासाच्या कामासाठी, टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या टेकूचा, आधार ठेवून. ड्रॉबारशिवाय टेपरमध्ये ठोकून बसवलेला चक बाजूने येणाऱ्या दाबाने आणि कंपनाने सुटतो व फिरता फिरता बाहेर येतो.

टप्पा 2 : काय कातायचे आहे, त्याची यादी

येत्या वर्षभरात प्रत्यक्षात करायच्या वस्तू लिहाव्यात. यादीत पेन, पटाशीच्या मुठी, लाटणी, खेळण्यातले भोवरे आणि पलंगाचे पाय एवढेच असेल, तर बहुतेक काम दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे हेडस्टॉक आणि टेलस्टॉक यांच्यात लाकूड धरून, होते आणि चकची गरज कमी असते. वाट्या, ताटल्या, झाकणाचे डबे आणि फुलदाण्या असतील तर काम एकाच बाजूने धरावे लागते आणि तेथे चकला पर्याय कमी उरतात.

यादीपुढे प्रत्येक वस्तूचा सर्वांत मोठा व्यास लिहावा. चार वस्तूंमध्ये तीन 150 मि.मी.च्या आतल्या असतील, तर चौथ्या 300 मि.मी.च्या परातीसाठी चक निवडू नये. ती परात फेसप्लेटवर करता येते.

टप्पा 3 : पकडीचा प्रकार ठरवणे

सर्वांत स्वस्त पकड म्हणजे फेसप्लेट आणि तिच्यावर बसवलेला लाकडी ठोकळा. लेथबरोबर फेसप्लेट आलेली असतेच. तिच्यावर कठीण लाकडाचा एक ठोकळा स्क्रूने बसवून त्याचा पृष्ठभाग लेथवरच सपाट करावा, आणि त्यावर कातायचे लाकूड सरसाने किंवा फेविकॉलने चिकटवून रात्रभर क्लॅम्पखाली ठेवावे. ठोकळ्यासाठी प्लायवूड वापरू नये, कारण त्याचे थर ओढ पडताच उकलतात. काळे जिप्सम स्क्रूही वापरू नयेत. ते कठीण असले तरी ठिसूळ असतात आणि आडव्या दाबाने डोके तुटते. जाड लाकूड-स्क्रू, लाकडात किमान 20 मि.मी. शिरतील असे घ्यावेत, आणि ठोकळ्याचे रेषे फेसप्लेटला समांतर ठेवावेत, कारण उभ्या टोकाच्या रेषांत स्क्रू धरत नाही. ओल्या लाकडावर हा उपाय चालत नाही, सांधा सुटतो. सुरुवातीच्या काही वाट्या या पद्धतीने केल्यास चकमध्ये नेमके काय हवे आहे ते कळते, म्हणून मी हाच मार्ग आधी सुचवतो.

दुसरा पर्याय म्हणजे लाकडासाठी बनवलेला चार जॉचा, म्हणजे चार जबड्यांचा, स्क्रोल चक. एका चावीने आतली सर्पिल खाचेची चकती म्हणजे स्क्रोल फिरते आणि चारही जॉ एकाच वेळी आत-बाहेर होतात, जॉच्या आतील कडा किंचित तिरक्या म्हणजे डव्हटेल आकाराच्या असतात आणि लाकडी टेननला, म्हणजे लाकडाच्या बुडाशी कातलेल्या आखूड गोल खुंटाला, चारही बाजूंनी गोलाकार धरतात. वाट्या आणि डबे करणाऱ्यांसाठी पैसे यातच घालावेत. त्यातही दोन जाती येतात. दोन दांड्यांनी फिरवायचा चक स्वस्त असतो, पण आवळताना दोन्ही हात गुंततात आणि लाकूड धरायला तिसरा हात हवा असतो. चावीचा चक एका हाताने आवळता येतो. लाकूड जड आणि वाकडे असेल तेव्हा हा फरक फार जाणवतो; त्यामुळे शक्य तेथे चावीचाच घ्यावा.

तिसरा पर्याय वागळे इस्टेट किंवा रबाळेच्या मशीन शॉपमधून जुन्यात मिळणारा धातूकामाचा तीन जॉचा चक. तो मजबूत असतो, स्वस्तही पडतो, आणि म्हणूनच मोह होतो. पण त्याची पकड तीन अरुंद रेषांवर असते, त्यामुळे लाकूड त्या ठिकाणी चेपते आणि आतून फाकवून धरल्यास फुटते. त्याचे जॉ चकच्या बाहेर डोकावतात आणि फिरताना दिसत नाहीत. हाताची बोटे सरावाने जेथे टेकतात, नेमके तेथेच ते येतात. शिवाय तो बॅकप्लेट, म्हणजे स्पिंडलवर चढणारी मागची प्लेट, करून बसवावा लागतो, आणि त्याच्या वजनाने लहान लेथच्या बेअरिंगवर भार येतो. टेलस्टॉकच्या आधाराने गोल सळई किंवा मूठ धरायला तो चालेल. वाटीसाठी घेऊ नये.

ड्रिल चकबद्दल थोडक्यात सांगायचे तर तो भोके पाडण्यासाठी आहे. हेडस्टॉकमध्ये बसवून त्यावर कातकाम करू नये.

> इशारा : चकच्या जाहिरातीत जास्तीत जास्त किती फेरे प्रति मिनिट हे दिलेले असते. ओतीव लोखंडाचे जुने धातूकामाचे चक लाकडाच्या लेथच्या वेगाने फिरवण्यासाठी बनलेले नसतात. अंक कोरलेला नसेल तर तो चक मंद वेगापुरता ठेवावा.

टप्पा 4 : चकचा आकार

आठ इंच व्यासाचे लाकूड फिरवणाऱ्या छोट्या लेथला 70 ते 75 मि.मी. बॉडीचा चक पुरतो. दहा ते बारा इंचांच्या लेथला 95 ते 100 मि.मी.चा योग्य. त्यापेक्षा मोठा चक हलक्या लेथवर चढवल्यास टोकाला वजन वाढते आणि लाकूड बाहेर सरकल्याने कंपन वाढते. मोठा चक म्हणजे जास्त मजबूत पकड, ही समजूत निम्मीच खरी आहे. टेननचे माप जॉला जुळलेले असेल तर लहान चकही घट्ट धरतो.

टप्पा 5 : बॉडीत थेट आटे की बदलता इन्सर्ट

काही चकच्या बॉडीत थेट एकाच मापाचे आटे असतात, तर काहींत वेगळा इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेला बदलता तुकडा, बसतो. थेट आट्यांचा चक थोडा स्वस्त, आखूड आणि सरळ चालतो. इन्सर्टचा चक पुढे लेथ बदलल्यास फक्त इन्सर्ट बदलून वापरता येतो. दोन वर्षांत मोठा लेथ घेण्याचा विचार असेल तर इन्सर्टवाला घ्यावा, अन्यथा थेट आट्यांचा. इन्सर्ट किमतीत समाविष्ट आहे का, हे लेखी विचारावे, कारण बरेचदा तो स्वतंत्र विकला जातो आणि एका कंपनीचा इन्सर्ट दुसऱ्या कंपनीच्या चकला बसत नाही.

याच ठिकाणी थ्रेड अ‍ॅडॉप्टरचा प्रश्न येतो, म्हणजे स्पिंडलच्या एका मापावरून दुसऱ्या मापावर नेणारा मधला तुकडा. तो शेवटचा उपाय मानावा. त्याने चक आणखी 20 ते 25 मि.मी. पुढे सरकतो आणि प्रत्येक सांध्यात थोडी तिरकस चूक मिळून येते.

स्पिंडलचे माप बाजारात मिळणाऱ्या कशाशीच जुळत नसेल, तर महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमधील एखाद्या टर्नरकडून इन्सर्ट किंवा बॅकप्लेट करून घेता येते. टर्नरला नुसते माप सांगू नये. स्पिंडल काढता येत असेल तर तोच न्यावा. नसेल तर फेसप्लेट न्यावी आणि आधी तिच्यात नीट बसेल असा बाहेरील आट्यांचा एक छोटा प्लग करून घ्यावा. मग त्या प्लगवर बसेल असा नवा इन्सर्ट कातायला सांगावा. आटे, आतील मोकळा भाग आणि खांद्याला टेकणारा पृष्ठभाग हे तिन्ही एकाच बसवणीत, म्हणजे काम टर्नरच्या लेथच्या चकमधून न काढता, कातले गेले पाहिजेत. ही एक अट आधी स्पष्ट केली नाही, तर इन्सर्ट मापात असूनही डोलत फिरतो.

टप्पा 6 : जॉ आणि पैशांची वाटणी

चकबरोबर साधारणपणे 50 मि.मी. मापाचे जॉ, लाकडात फिरवण्याचा एक जाड स्क्रू आणि चावी एवढे येते. सुरुवातीला एवढ्यावरच काम भागवावे. दहा-बारा जॉच्या संचाची पेटी स्वस्त वाटते, पण त्यातील निम्मे जॉ पेटीतच गंजतात. हाताशी असलेल्या रकमेचे दहा भाग केल्यास सहा-सात भाग चकवर, एक भाग इन्सर्ट आणि वाहतुकीवर, आणि उरलेले चेहऱ्याच्या फेस शील्डवर व पटाश्यांना धार लावण्याच्या साधनावर ठेवावेत. फेस शील्ड हा ऐच्छिक खर्च नाही.

पुढे जॉ वाढवायचे झाल्यास आधी लहान म्हणजे 25 मि.मी.चे, मग 100 मि.मी.चे घ्यावेत. वाटीचा तळ पूर्ण करण्यासाठी रबरी खुंट्यांचे मोठे कोल जॉ मागवण्याची घाई करू नये. टाकाऊ लाकडाचा ठोकळा वाटीच्या तोंडाच्या मापाने कातून त्यात वाटी घट्ट दाबून बसवली आणि टेलस्टॉक टेकवला की तेच काम होते.

दुसऱ्या कंपनीचे जॉ घेताना स्क्रूच्या भोकांमधील अंतर आणि मागच्या खाचेची रुंदी मोजावी. विक्रेत्याचे ‘जुळते’ हे शब्द पुरेसे नाहीत. प्रत्यक्ष पाहून खरेदी करायची असेल तर मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट अजूनही सोयीची आहे. तेथे जाताना स्पिंडलची मापे आणि शक्य असल्यास फेसप्लेट पिशवीत असावी.

टप्पा 7 : वस्तू हाती आल्यावर, परतीची मुदत संपण्याआधी

खोका उघडल्यावर जॉवर क्रमांक शोधावेत. चारही जॉ 1, 2, 3, 4 या क्रमाने त्याच क्रमांकाच्या खाचेत बसायला हवेत. साफसफाईनंतर जॉ वाटेल तसे परत बसवणे ही फार मोठ्या प्रमाणात होणारी चूक आहे. त्यामुळे जॉ मध्यभागी मिटत नाहीत आणि चक सदोष असल्याचा गैरसमज होतो. स्क्रोल फिरवताना क्रमांक 1 च्या खाचेत येणारा दात दिसताच तो जॉ घालावा, मग थोडे फिरवून 2, असे करत जावे.

नंतर जॉ पूर्ण मिटवून मध्ये राहिलेली फट चारही बाजूंनी सारखी आहे का ते पाहावे. चावी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावी. मधेच घट्ट, मधेच ढिली लागत असेल तर स्क्रोलमध्ये कीस अडकला असावा. जॉच्या स्क्रूची डोकी खराब झालेली नाहीत ना, तेही पाहावे, कारण अशा स्क्रूमुळे जॉ बदलणे अशक्य होते.

आता चक स्पिंडलवर हाताने चढवावा. खांद्याला चारही बाजूंनी टेकला पाहिजे. शंका असल्यास खांद्यावर मार्किंग ब्लूचा (खुणेसाठीच्या निळ्या रंगाचा) पातळ थर द्यावा, चक चढवून उतरवावा, आणि चकच्या मागील बाजूवर निळा रंग पूर्ण वर्तुळात उमटला का ते पाहावे. अर्धेच वर्तुळ उमटले असेल तर चक तिरका बसतो आहे. काहीच उमटले नसेल तर चक खांद्यापर्यंत पोहोचतच नाही. पहिल्या टप्प्यातले तिसरे किंवा चौथे माप जुळलेले नाही. तो चक मध्येच लोंबकळतो आहे आणि परत करावा.

> तपासणी : डायल गेज मिळाल्यास चकच्या बॉडीवर टेकवून स्पिंडल हाताने फिरवावा. 0.05 ते 0.10 मि.मी.चा फरक लाकडाच्या कामाला चालतो. चकमध्ये धरूनच कातलेले लाकूड तसेही वर्तुळात येते. हा फरक जाणवतो तो लाकूड काढून उलटे पुन्हा धरताना. तेव्हा शंभराव्या भागाच्या अचूकतेसाठी दुप्पट पैसे मोजण्याची गरज नाही.

टप्पा 8 : टेनन कातणे आणि पहिली चाचणी

चांगला चकही चुकीच्या टेननवर पकड सोडतो. जॉ जवळजवळ मिटलेले, साधारण 3 मि.मी. उघडे असताना ते पूर्ण वर्तुळ करतात. टेननचा व्यास त्या स्थितीच्या आसपास असावा. जॉ फार उघडे असतील तर फक्त त्यांचे कोपरे लाकडाला टोचतात आणि पकड आठ बिंदूंवर राहते. टेननची लांबी जॉच्या खोलीपेक्षा थोडी कमी ठेवावी, म्हणजे टेननचे टोक तळाला टेकणार नाही आणि लाकडाचा सपाट खांदा जॉच्या कडेवर बसेल. हा खांदाच लाकडाला डोलण्यापासून वाचवतो. टेननची बाजू जॉच्या तिरकेपणाला जुळेल अशी, मुळाशी किंचित अरुंद कातावी. वाटीच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश एवढा टेननचा व्यास सुरक्षित असतो, 150 मि.मी.च्या वाटीला 50 ते 60 मि.मी.

खाचेत आतून फाकवून धरायचे असेल तर खाचेभोवती पुरेसे लाकूड असल्याची खात्री करावी आणि चावी आवळताना हात आवरावा. आंबा आणि सावरीसारख्या मऊ लाकडात अति आवळल्याने कडा फुटते. सागवान आणि बाभूळ अधिक सोसतात.

पहिल्यांदा लेथ सुरू करण्याआधी टेलस्टॉक टेकवावा, चक हाताने पूर्ण फिरवून टूल रेस्टला (पटाशी टेकवण्याच्या आधाराला) काही लागत नाही ना ते पाहावे, चावी काढल्याची खात्री करावी, सर्वांत मंद वेगावर लेथ सुरू करावा आणि फिरणाऱ्या लाकडाच्या रेषेत न उभे राहता बाजूला उभे राहावे. एक-दोन मिनिटांनी लेथ थांबवून जॉ पुन्हा आवळावे, कारण लाकडाचे रेषे दाबले जाऊन पकड सैल होते. मग वेग वाढवताना इंचातील व्यास गुणिले फेरे प्रति मिनिट हा गुणाकार 6000 ते 9000 च्या दरम्यान राहील असे पाहावे. दहा इंचांच्या लाकडाला त्यामुळे 600 ते 900 फेरे येतात. ओबडधोबड, असमतोल लाकडाला यातला खालचाच आकडा, किंवा त्याहून कमी.

> इशारा : आटे असलेल्या स्पिंडलवरचा चक लेथ उलट फिरवल्यावर सुटू लागतो. उलट फिरवून घासायचे असेल तर चकला ग्रब स्क्रू (स्पिंडलवर चक जखडणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) असलाच पाहिजे आणि तो आवळलेला असावा. हातमोजे, सैल बाह्या आणि गळ्यातली ओढणी किंवा उपरणे लेथजवळ नकोत.

पावसाळ्यातील निगा

खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर चक उघड्यावर ठेवल्यास जॉच्या खाचा आणि स्क्रोल लवकर लाल पडतात. काम संपल्यावर ब्रशने कीस काढून पातळ तेलाचा हात फिरवावा आणि चक झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. स्क्रोलमध्ये ग्रीस भरू नये. त्यात लाकडाचा कीस मिसळून घट्ट राप तयार होतो आणि चावी अडू लागते. या महिन्यांत कातलेल्या ओलसर लाकडाचा टेनन वाळताना लंबगोल होतो, म्हणून ओबड कातून ठेवलेली वाटी पुन्हा चकमध्ये धरण्याआधी तिचा टेनन दोन टोकांच्या मध्ये धरून परत गोल करावा. तो गोल केल्यावर 3 मि.मी.च्या फटीत बसेल इतका शिल्लक राहावा, यासाठी पहिल्या वेळी टेनन 6 ते 8 मि.मी. जास्त व्यासाचा ठेवावा.